सासूबाईंचं राखाडी चित्र

माझ्या सासूबाईंना आमच्या शहरात चेहऱ्यानं ओळखणारे थोडे आणि आवाजानं ओळखणारे हजारो. मोठ्या बसस्थानकावर त्या निवेदिका होत्या. काचेच्या एका छोट्या खोलीत माइकसमोर बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली उशिरा येतेय, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत बसलंय, हे सगळं त्या जगाला सांगायच्या. भाजीवाल्याकडे त्यांनी नुसता दुधीचा भाव विचारला तरी आजूबाजूची दोन माणसं दचकून हातातली पिशवी सावरायची. आपली गाडी लागली की काय, असं वाटायचं त्यांना.

त्यांच्या आवाजाची एक खासियत होती. तो कधी चढायचा नाही आणि कधी पडायचा नाही. वेळेवर आलेली गाडी आणि तीन तास रखडलेली गाडी, दोन्हींची बातमी त्या एकाच पट्टीत द्यायच्या. नवीन लागलेल्या मुलींना शिकवताना म्हणायच्या, "प्रवासी आधीच घाबरलेला असतो. तू आवाज हलवलास की तो धावत सुटतो आणि पडतो."

माझे सासरे त्याच स्थानकावरून सुटणाऱ्या बसचे ड्रायव्हर. दोघांचं लग्न तिथंच जमलं. सासरे अजून सांगतात, "माझी गाडी कितीही उशिरा येऊ दे, हिच्या आवाजात फरक पडायचा नाही. फरक घरी आल्यावर पडायचा."

घरात त्यांच्याच शब्दावर सगळं चालायचं. मी सून म्हणून आले तेव्हा पहिल्या आठवड्यातच मला कळलं, की या घरात वाद घालायला माइक एकच आहे आणि तो त्यांच्याकडे आहे. पण त्या मनानं सरळ होत्या. बोलून मोकळ्या व्हायच्या आणि मागं काही ठेवायच्या नाहीत. चष्म्याच्या दुकानातली माझी नोकरी लग्नानंतर सुटता सुटता राहिली, ती त्यांच्यामुळेच. "घरातली दोन्ही माणसं ड्युटीवर असली की संसाराला शिस्त राहते," एवढं म्हणून त्यांनी विषय संपवला होता.

त्या निवृत्त झाल्या आणि पुढच्याच वर्षी एका सकाळी, माझ्याबरोबर चादरीची घडी घालताना, त्यांच्या उजव्या हातातलं टोक सुटलं. मला वाटलं, हात घसरला. मी म्हटलं, "आई, धरताय ना?" त्यांनी माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, आणि काहीच आलं नाही.

दवाखान्यातून परत आल्या तेव्हा उजवा हात आणि उजवा पाय निकामी झाल्यासारखे होते. पाय हळूहळू बरा झाला, काठी घेऊन चालण्याइतका. हात मात्र मांडीवर ठेवला की तिथंच राहायचा. आणि बोलणं गेलं होतं. समजत सगळं होतं, अगदी पहिल्याइतकं. टीव्हीवर कुणी चुकीचं बोललं की कपाळाला आठी पडायची. पण शब्द शोधायला गेल्या की हाती लागायचा एकच.

"कृपया."

तेवढा मात्र खणखणीत. एवढी वर्षं रोज शेकडो वेळा म्हटलेला शब्द, तो तेवढा कुठंतरी आत घट्ट बसून राहिला असावा. डॉक्टर म्हणाले, असं होतं कधी कधी. पाणी हवं असलं की कृपया. पंखा बंद करा, कृपया. माझ्या नवऱ्यानं ओला टॉवेल गादीवर टाकला की फार मोठा कृपया. पुढचं वाक्य यायचंच नाही, आणि ते येत नाही हे त्यांना दर वेळी नव्यानं कळायचं. ते बघणं अवघड होतं. सासरेच काय ते हसवून न्यायचे. "लग्नाला एवढी वर्षं झाली, आत्ता कुठं कृपया म्हणायला लागली," असं ते आल्यागेल्याला सांगायचे, आणि सासूबाई डाव्या हातानं उशी फेकायच्या. ती लागायची नाही, कारण डाव्या हाताला नेम नव्हता.

फिजिओथेरपीला यायची ती मुलगी तरुण होती, पण कडक. तिनं एक दिवस उशी फेकलेली बघितली आणि म्हणाली, "या हाताला काम द्या, आजी. आता हाच उजवा समजायचा. काहीही करा. भिंत रंगवा हवं तर."

सासरे सांगितलेलं शब्दशः ऐकणाऱ्यांपैकी आहेत. भिंत द्यायला आम्ही तयार नव्हतो, म्हणून त्यांनी माळ्यावरून कपाटाच्या दाराचं प्लायवूड काढलं आणि मागच्या गॅलरीत दोन खुर्च्यांना टेकवून उभं केलं. जिन्याच्या भिंतीला खालून कमरेएवढा पट्टा मारला होता, त्यातला राखाडी रंग डब्यात उरला होता. तोच ढवळून पुढ्यात ठेवला. हा रंग कुठून आला, याबद्दल पुढे लोकांनी बरंच काही ऐकवलं, म्हणून मुद्दाम सांगते. तो जिन्यातून आला.

पहिल्या दिवशी सासूबाईंनी ब्रश झाऱ्यासारखा मुठीत धरला. रंग लाकडावर कमी आणि गाऊनवर जास्त गेला. चार फटकारे मारून त्या दमल्या, खुर्चीत बसून राहिल्या, आणि आपण काय केलंय ते बघत राहिल्या. लाकडावर नुसती खरवड होती. कुठं रंगाचा गोळा, कुठं ओघळ, कुठं कोरं लाकूड. मी चहा घेऊन गेले तर त्यांनी कप हातात न घेता त्या फळीकडे बोट दाखवलं. "कृपया," म्हणाल्या. इतक्या हलक्या आवाजात मी त्यांना कधी ऐकलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्यावर पुन्हा राखाडी मारला. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मग ते रोजचंच झालं. नाश्ता झाला की काठी टेकत गॅलरीत जायच्या, खुर्ची ओढायच्या आणि डाव्या हातानं वरून खाली, वरून खाली. वाळलं की दुसऱ्या दिवशी त्यावरच परत. सुरुवातीला आम्ही खूश होतो. व्यायाम होतोय, वेळ जातोय. पण महिने गेले आणि फळीवर राखाडीशिवाय काहीच येईना, तसे घरातले चेहरे बदलायला लागले.

माझा नवरा एका संध्याकाळी म्हणाला, "आईचं मन फार खचलंय गं."

"कशावरून?"

"बघतेस ना काय काढते ते. नुसतं मळभ. एक फूल नाही, एक झाड नाही. माणसाच्या आतलंच बाहेर येतं."

"आत झाड असायला त्या माळी होत्या का?" मी म्हटलं. पण खरं सांगायचं तर मलाही तेच वाटत होतं. येणारे पाहुणे गॅलरीत डोकवायचे, चुकचुकायचे आणि आवाज खाली करून बोलायचे, जसं काही त्यांना ऐकूही येत नाही. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अंधारून आलंय बिचारीला." सासूबाईंनी हे सगळं ऐकलं. बोलता येत असतं तर काकू जिन्यातून उतरेपर्यंत उत्तर त्यांच्या मागे गेलं असतं. आता त्यांनी फक्त ब्रश पाण्यात खळखळ धुतला, जरा जास्तच जोरात.

ताई आली ती अशाच दिवसांत. ताई म्हणजे माझी नणंद, नवऱ्याची मोठी बहीण. परगावी असते. आईवर तिचा फार जीव, आणि जीव असलेली माणसं रिकाम्या हातानं येत नाहीत. तिनं रंगांची मोठी पेटी आणली, गुळगुळीत कागद आणले, फुलपाखरांची चित्रं असलेलं पुस्तक आणलं. सासूबाईंनी सगळं हातात घेऊन बघितलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि पेटी नीट बंद करून कपाटात ठेवली.

दुपारी त्या झोपल्या असताना ताई गॅलरीत गेली. मी दुकानात होते, मला नंतर कळलं. तिनं पेटीतला नारिंगी रंग काढला आणि त्या राखाडी फळीच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटा सूर्य काढला. किरणांसकट. सुरेख काढला होता, ताईचा हात चांगला आहे. आई उठेल, बघेल आणि हसेल, एवढंच तिच्या मनात होतं.

मी घरी आले तेव्हा सासूबाई गॅलरीच्या दारात उभ्या होत्या. काठी पडली होती. चेहरा लाल झाला होता आणि ओठ हलत होते. "कृपया. कृपया. कृपया." तोच एक शब्द, पण वरच्या पट्टीत, फाटलेला. जन्मभर ज्या बाईनं आवाज हलू दिला नाही तिचा तो आवाज ऐकून सासरे मागच्या मागे भिंतीला टेकले.

ताई रडायला लागली. "मी फक्त थोडा उजेड आणला गं आई."

सासूबाई बसल्या. ब्रश घेतला, सूर्यावर राखाडी मारला. सूर्य झाकला गेला, पण किरणांच्या जागी रंग उंच राहिला होता, तो खालून दिसत राहिला. त्यांनी बोट लावून बघितलं. मग सासऱ्यांकडे वळून डावा तळवा हवेत पुढेमागे घासला. सासऱ्यांना ती खूण लगेच कळली. ते पॉलिशपेपर घेऊन आले.

त्या संध्याकाळपासून त्यांनी ती सगळी फळी घासायला घेतली. फक्त सूर्य नाही, सगळी. इतक्या महिन्यांचं काम त्यांनी डाव्या हातानं घासून काढलं. गॅलरीभर राखाडी भुकटी उडाली, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसली, आमच्या केसांत बसली. ताई दोन दिवस त्यांच्यासमोर जायला घाबरत होती. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनीच तिला हाक मारली, म्हणजे काठी आपटली. ताई खाली मान घालून जवळ बसली. सासूबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. हात उचलला तेव्हा ताईच्या काळ्याभोर केसांत पाच बोटं राखाडी उमटली होती. ताई आरशात बघून हसली आणि जाईपर्यंत तिनं केस धुतले नाहीत.

मग पुन्हा पहिल्यापासून. नवरा म्हणाला, "आता तरी दुसरा रंग दे तिला." मी दिला नाही. कारण घासताना त्यांचा चेहरा मी बघितला होता. खचलेलं माणूस असं घासत नाही.

मला कळलं ते एका रविवारी, आणि तेही सहज. पाऊस येईल असं वाटलं म्हणून मी फळी उचलून आत खिडकीशी आणली. संध्याकाळचं ऊन तिरपं आत येत होतं. दुकानात आलेल्या काचा मी दिवसभर अशाच तिरप्या धरून बघत असते, चरा आहे का ते पाहायला, म्हणून माझे हात आपोआप तसेच वळले. फळी तिरपी झाली आणि मी जागच्या जागी थांबले.

समोरून जो नुसता राखाडी दिसत होता तो तिरप्या उन्हात सपाट होता. इतका सपाट की खिडकीचे गज त्यात पुसटसे दिसत होते. ब्रशची एकेक ओढ वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत आली होती, मध्ये कुठं न थांबता, शेजारच्या ओढीला नेमकी चिकटून. ज्या हाताला उशी फेकता येत नव्हती त्या हातानं. मला ती पहिल्या दिवसाची खरवड आठवली.

सासूबाई मागे येऊन उभ्या होत्या.

"आई," मी म्हटलं, "तुम्ही मळभ काढत नव्हतात."

त्यांनी मान हलवली. नाही.

"तुम्ही एकसारखं व्हावं म्हणून करत होतात."

त्यांनी माझं बोट धरलं आणि फळीवरून हळू खाली नेलं. एका जागी थांबवलं. तिथं केसाएवढी एक कड होती. ब्रश तेवढ्या जागी जरासा थबकला होता. डोळ्यांना ती दिसत नव्हती, बोटाला लागत होती. त्यांनी नाराजीनं माझ्याकडे बघितलं. "कृपया," असं म्हणाल्या, आणि मला त्याचा अर्थ अगदी स्वच्छ कळला. हे बघ, अजून इथं राहिलंय.

तेव्हा मला हेही कळलं की दुसरा रंग त्यांना का नको होता. फुलं काढली असती तर प्रत्येक वाकडी रेघ पाकळी म्हणून खपली असती. आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या असत्या, आजारी माणसासाठी वाजवतात तशा. एकाच रंगात सवलत नाही. हात थरथरला की ती थरथर दिसते. त्यांनी मुद्दाम असं काम घेतलं होतं ज्यात कुणी त्यांची कीव करून पास करू शकणार नव्हतं.

रात्री जेवताना मी हे सगळं सांगितलं. नवरा घास हातात धरून ऐकत राहिला, मग उठून फळीवरून बोट फिरवून आला. सासऱ्यांनी मात्र ताट बाजूला सरकवलं. "म्हणजे हिची पट्टीच आहे ती," ते म्हणाले. "अरे, तीच पट्टी. चढ नाही, उतार नाही. मी गाडीत बसून जे ऐकायचो तेच हिनं तिथं मारलंय." त्यांचे डोळे भरून आले, म्हणून त्यांनी ताक मागितलं. सासूबाईंनी त्यांच्याकडे बघितलं. हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. पण त्या दिवशी त्यांनी भात दोनदा घेतला.

त्यानंतर घर बदललं. कुणी आलं की सासरे पाहुण्याला आधी गॅलरीत न्यायचे. "तिरपं बघा. असं नाही, असं," म्हणत माणसाची मान धरून वळवायचे. शेजारच्या काकूंना त्यांनी पार गुडघ्यावर बसवलं.

फिजिओथेरपीच्या त्या मुलीनं फळी बघितली तेव्हा तिनं आधी फळीला हात लावला आणि मग सासूबाईंच्या मनगटाला. "हे आमच्या केंद्रात यायला हवं," ती म्हणाली. त्यांच्या केंद्रात पेशंटनी केलेल्या वस्तूंचं प्रदर्शन भरत होतं. सासूबाई विचार करत बसल्या. मग त्यांनी ती केसाएवढी कड दाखवली. ती घासून, त्यावर आणखी काही थर देऊन, बोटानं तपासून, मगच फळी द्यायला तयार झाल्या.

प्रदर्शनाच्या दिवशी त्यांनी ड्युटीवर नेसायच्या तशी इस्त्रीची साडी नेसली. दुसऱ्याच्या हातानं निऱ्या घालून घेणं त्यांना अजून पसंत नव्हतं, पण त्या दिवशी त्यांनी मला तीनदा निऱ्या सोडायला लावल्या आणि चौथ्यांदा मान डोलावली. ताईही आली होती. आम्ही सगळे रिक्षा करून गेलो.

हॉलमध्ये विणलेले रुमाल होते, मातीची भांडी होती, डोंगर आणि नद्या होत्या. आमची फळी शेवटच्या भिंतीला होती. खाली कुणीतरी सुबक अक्षरात छापलेली चिठ्ठी लावली होती: 'अंधार'.

सासूबाई चिठ्ठीसमोर उभ्या राहिल्या. मग काठी माझ्या हातात दिली, पुढे झाल्या आणि डाव्या हाताच्या नखानं ती चिठ्ठी सोलून काढली. भिंतीवर कागदाचा कपटाही राहू दिला नाही. चिठ्ठीची घडी करून सासऱ्यांच्या खिशात ठेवली. केंद्राची एक बाई लगबगीनं आली. "आजी, अहो, नाव नको का चित्राला?"

सासूबाईंनी मान हलवली. नको.

तिथंच एक चित्रकार उभे होते. चित्रकलेच्या कॉलेजात शिकवायचे, केंद्रानं त्यांना पाहुणे म्हणून बोलावलं होतं. उंच, पांढरी दाढी. त्यांनी फळीकडे बराच वेळ बघितलं होतं. आता ते सासूबाईंकडे वळले आणि अदबीनं म्हणाले, "मला यात एकटेपणा दिसतो. बरोबर आहे का?"

सासूबाईंनी मान हलवली.

"शांतता?"

त्या थोड्या थांबल्या, पण मान पुन्हा हलली.

चित्रकार रागावले नाहीत. हसले. "मग मी चुकीचं विचारतोय," ते म्हणाले. "हे कसं केलंत ते सांगाल?"

हा प्रश्न त्यांना आवडला, हे मला लगेच दिसलं. त्यांनी लुळा उजवा हात डाव्या हातानं उचलला, त्यांना दाखवला आणि सोडून दिला. तो खाली पडला तसा पडू दिला. मग डावा हात वर केला, फळीच्या वरच्या कडेपाशी नेला आणि हवेतल्या हवेत वरून खाली आणला. एका संथ ओढीत. हात कुठंही थरथरला नाही. हॉलमधली दोन-चार माणसं बोलायची थांबली.

चित्रकार फळीच्या बाजूला गेले, खिडकीकडे तोंड करून वाकले आणि तिरप्या नजरेनं बघायला लागले. कुणीही त्यांना तसं करायला सांगितलं नव्हतं. बराच वेळ वाकून राहिले. सरळ झाले तेव्हा त्यांनी चष्मा काढून हातात घेतला होता.

"मला हे जमायला बरीच वर्षं लागली होती," ते म्हणाले. "आणि माझे दोन्ही हात धड होते."

सासूबाईंनी तोंड उघडलं. मला वाटलं, कृपया म्हणतील. सासऱ्यांनाही तसंच वाटलं असणार, कारण ते सवयीनं पाण्याची बाटली काढायला लागले. पण त्या थांबल्या. ओठ जुळले, सुटले, पुन्हा जुळले. घशाची शीर ताठ झाली. आम्ही कुणीही मदत केली नाही, आणि ते फार कठीण गेलं.

"जमलं," सासूबाई म्हणाल्या.

न चढता, न पडता. अगदी त्यांच्या पट्टीत.

ताईनं माझा दंड इतका घट्ट धरला की दुसऱ्या दिवशी तिथं वळ होता. नवरा भिंतीकडे तोंड करून विणलेला रुमाल निरखत बसला. सासरे मात्र सरळ उभे होते, छाती पुढे काढून, जणू तो शब्द त्यांनीच एवढी वर्षं सांभाळून ठेवला होता. जो पुढे येईल त्याला ते सांगत होते, "माझी बायको. डाव्या हातानं केलंय. तिरपं बघा."

केंद्रानं ती फळी व्यायामाच्या खोलीत लावायला मागितली. नवरा म्हणाला, देऊ या. ताई म्हणाली, देऊ या, किती जणांना हुरूप येईल. मीसुद्धा तेच म्हणणार होते. सासूबाईंनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं आणि मान हलवली. त्या कुणाला हुरूप यावा म्हणून रंगवत नव्हत्या. काम त्यांचं होतं, घर त्यांचं होतं, आणि फळी घरी येणार होती.

आता ती बाहेरच्या खोलीत आहे, खिडकीच्या शेजारच्या भिंतीवर, जिथं संध्याकाळचं ऊन तिरपं पडतं. तिथं आधी आमच्या लग्नाचा फोटो होता. तो आतल्या खोलीत गेला, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. पाहुणे अजून विचारतात, हे काय आहे. कुणी समुद्र म्हणतो, कुणी धुकं, एकानं तर शाळेची पाटी म्हटलं. सासूबाई आता कुणावर चिडत नाहीत. म्हणू द्यावं, अशा चेहऱ्यानं ऐकतात. शब्दही थोडे थोडे परत येतायत, पाहुण्यांसारखे, न सांगता. 'मीठ' आला. 'टॉवेल' आला, आणि माझ्या नवऱ्याचे सुखाचे दिवस संपले.

गेल्या महिन्यात त्यांनी दुसरी फळी मागवली. आधीच्यापेक्षा हातभर मोठी, म्हणजे ओढ लांब आणि मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. मी रंगाच्या दुकानातून राखाडीचा डबा आणला, तर त्यांनी तो उघडूच दिला नाही. खिडकीतून येणाऱ्या उजेडाकडे बोट दाखवलं, मग माझ्या ओढणीकडे. ओढणी पांढरी होती.

मी डबा बदलून आणला. पांढऱ्यावर ब्रशची सावलीसुद्धा दिसते. त्यात राखाडीइतकंही लपत नाही. पहिले थर वाईट गेलेत, सासूबाईंनी दोनदा घासून काढलेत, आणि त्या सध्या आमच्याशी फारसं बोलत नाहीत, कारण त्यांना वेळ नाही.